एक प्यादे, तीन चाली

बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते, "आपले मोहरे फुकट द्यायचे नाही." मूल ते मनापासून ऐकते. मग दोन-चार महिन्यांत कुणा मोठ्या मुलाकडून ते 'गँबिट' हा शब्द उचलून आणते आणि डावाच्या दुसऱ्याच चालीला आपले प्यादे आपणहून प्रतिस्पर्ध्याच्या तोंडात देते. आईवडील चक्रावतात. काल जे चूक होते ते आज बरोबर कसे? या प्रश्नाचे उत्तर पटावर आहे, तसे ते इतिहासातही आहे. आणि त्या इतिहासाचा एक मोठा तुकडा आपल्या देशात घडलेला आहे.

आधी शब्द पाहू. 'गँबिट' हा शब्द मूळचा इटालियन. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या पायात पाय घालून त्याला पाडतात, त्यावरून तो आला. आपल्या आखाड्यात ज्याला 'टांग मारणे' म्हणतात, तसलाच हा प्रकार. स्पेनमधील धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ साली बुद्धिबळावर पुस्तक लिहिले आणि हा शब्द बुद्धिबळात रुजवला. टांग मारणारा मल्ल क्षणभर एकाच पायावर उभा असतो. डाव साधला तर समोरचा चीत, फसला तर स्वतःच खाली. गँबिटचे सारे सार या एका उपमेत आले आहे.

राजाचा गँबिट म्हणजे काय?

पट समोर नसला तरी कळेल अशा शब्दांत सांगतो. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. काळ्यानेही तेच केले. दोन्ही प्यादी पटाच्या मध्यावर समोरासमोर अडून बसली. आता पांढरा आपल्या राजाच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे ढकलतो. काळ्याला ते सरळ मारता येते. हा 'किंग्ज गँबिट', म्हणजे राजाचा गँबिट.

काळ्याने प्यादे घेतले तर त्याला एका प्याद्याचा नफा झाला, हे उघड आहे. पण ते घेताना त्याचे मध्यावरचे प्यादे बाजूला सरकले. आता पांढऱ्याला मध्यभाग मोकळा मिळतो, घोडा आणि उंट झपाट्याने बाहेर पडतात आणि किल्लेकोट केल्यावर हत्तीसमोरची उभी ओळ शत्रूच्या राजापर्यंत रोखली जाते. याची किंमतही आहे. पांढऱ्याच्या स्वतःच्या राजाकडे जाणारी एक तिरकी वाट उघडी पडते आणि तिथून काळ्याचा वजीर लगेच शह देऊ शकतो. म्हणजे ज्या दारातून आपण शत्रूवर चाल करून जायचे, ते दार शत्रूलाही उघडे असते.

जुने खेळाडू एक ढोबळ हिशेब सांगत आले आहेत : एक प्यादे म्हणजे तीन चाली. प्यादे देऊन आपली मोहरी शत्रूपेक्षा तीन चाली पुढे निघाली असतील, तर सौदा बरा. एकच चाल मिळाली असेल, तर प्यादे गेलेच म्हणायचे. मुलाला पहिल्या दिवशी सांगितलेला नियम खोटा नव्हताच. 'फुकट' देऊ नकोस, असेच आपण सांगितले होते.

आपल्याकडे गँबिट का नव्हता?

बुद्धिबळ जन्माला आले भारतात, मग गँबिट युरोपात का वाढला? याचे उत्तर एका छोट्या नियमात आहे. आपल्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही बहुतेक ठिकाणी एकच घर सरकत असे. युरोपात मात्र प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जायची मुभा मिळाली. त्यामुळे तिकडे दुसऱ्या चालीलाच पटाच्या मध्यावर चकमक उडू लागली. आपल्याकडे दोन्ही सैन्ये आपापल्या हद्दीत सावकाश मांडणी करत. लढाईला तोंड लागेपर्यंत बराच वेळ जाई. जिथे सुरुवातीला घाईच नाही, तिथे एक चाल वाचवण्यासाठी प्यादे देण्याचा विचार सुचणार कसा?

देशी खेळाचे इतर नियमही वेगळे होते. राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की ज्या मोहऱ्याचे ते घर, तेच मोहरे मिळे. समोरच्याचा राजा अगदी एकटा उरला तर 'बुर्ज' झाला म्हणत, आणि तो निर्भेळ विजय मानला जात नसे. सगळ्यांत मान होता तो प्याद्याने केलेल्या मातीला. 'प्यादेमात' करणारा खेळाडू गावात नाव मिळवी. म्हणजे युरोपी खेळाडू डावाच्या आरंभी प्यादे उधळत होता, आणि आपला खेळाडू शेवटच्या मातीसाठी तेच प्यादे जपत होता.

या देशी खेळाची शास्त्रीय नोंद एका मराठी मुळाच्या पंडिताने करून ठेवली आहे. मूळ पैठणचे, पण काशीत स्थायिक झालेले भट्ट घराणे आपल्याला गागाभट्टांमुळे ठाऊक आहे. त्याच घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा मोठा ग्रंथ रचला. त्याच्या 'नीतिमयूख' या भागात, राजनीतीच्या चर्चेला जोडून, बुद्धिबळाचे वर्णन येते. धर्मशास्त्र लिहिणाऱ्या पंडिताला हा खेळ राजनीतीच्या शेजारी ठेवावासा वाटला, यातच त्याची प्रतिष्ठा दिसते.

पेशव्यांच्या पुण्यात

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा पुण्याचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाचे दक्षिणेकडून आलेले विद्वान बुद्धिबळपटू होते. त्यांनी 'विलासमणिमंजरी' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यावरून केलेले इंग्रजी पुस्तक १८१४ साली मुंबईत छापले गेले. हे साल ध्यानात घ्या. अजून पेशवाई संपायला चार वर्षे होती आणि रत्नागिरीच्या किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण लागायचे होते. त्या काळात एका शास्त्रीबुवांचे बुद्धिबळाचे पुस्तक इंग्रजीत निघाले, आणि त्याच्या मुखपृष्ठावर म्हटले होते की हे विवेचन युरोपी पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतले आहे.

त्या पुस्तकात आहे काय? मुख्यतः डावाच्या अखेरच्या अवस्था. अमुक मोहरी अमुक घरांत आहेत, अमुक चालींत मात करून दाखवा, अशी कोडी. डावाच्या आरंभाचा पसारा त्यात नाही. युरोपी नियम शास्त्रीबुवांनी समजून घेतले, पण मन रमले ते शेवटाच्या कलेत. त्याच सुमारास युरोपात पहिल्या दहा चालींच्या याद्या छापल्या जात होत्या आणि प्रत्येक गँबिटला नाव मिळत होते. दोन परंपरांच्या स्वभावातला हा फरक होता. एकीला डाव संपतो कसा यात रस होता, दुसरीला तो पेटतो कसा यात.

या दोन परंपरा समोरासमोर कुठे आल्या? कलकत्त्यात.

बॅरिस्टर आणि ब्राह्मण

जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश घराण्यातला गृहस्थ कलकत्त्यात बॅरिस्टर होता. तरुणपणी, १८२२ साली, त्याने बुद्धिबळावर पुस्तक लिहिले होते. लंडनच्या उत्तम खेळाडूंत त्याची गणना होई. स्वभावाने तो पक्का गँबिटवाला. कलकत्त्यात त्याला तोडीचा खेळाडू मिळेना. तेव्हा त्याच्या कानावर आले की मोफसलात एक ब्राह्मण आहे आणि तो आजवर कुणाला हरलेला नाही. त्याचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. त्याला कलकत्त्यात आणले गेले, आणि पुढे तिथल्या क्लबाच्या पदरी खेळाडू म्हणून तो राहिला. १८४८ नंतर दहा-बारा वर्षांत या दोघांनी शेकडो डाव खेळले. त्यांतले बरेच टिपून ठेवले गेले आणि लंडनच्या नियतकालिकांत छापले गेले.

१८४८ सालचाच एक डाव पाहा. महेशचंद्रांनी राजापुढच्या प्याद्याचे रक्षण करण्याऐवजी उलट पांढऱ्याच्या प्याद्यावर घोडा रोखला. कॉक्रेनच्या घोड्याने त्यांचे मधले प्यादे घेतले. महेशचंद्रांनी वजिरापुढचे प्यादे एक घर सरकवून त्या घोड्याला दटावले. आता घोडा निमूट मागे जाईल, असेच कोणालाही वाटेल. कॉक्रेनने तोच घोडा थेट काळ्या राजाशेजारच्या प्याद्यावर घातला! राजाने घोडा मारला. पांढऱ्याला घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी मिळाली. पण काळ्या राजाचा किल्लेकोटाचा हक्क गेला आणि चौथ्या चालीलाच त्याला उघड्यावर यावे लागले. आज जगभर या सुरुवातीला 'कॉक्रेन गँबिट' म्हणतात. दीडशे वर्षांनी, १९९९ साली, स्पेनमधील लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव्हने क्रामनिकसारख्या खंद्या खेळाडूवर हाच डाव टाकला. तो बरोबरीत सुटला.

महेशचंद्र या तुफानापुढे कसे खेळले? त्यांचा पिंड देशी खेळावर पोसलेला. प्यादे एकच घर सरकवायचे, घोड्यासमोरचे प्यादे उचलून त्याच्या जागी उंट बसवायचा, शत्रूला मध्यभाग घेऊ द्यायचा आणि मग बाजूने त्याला पोखरायचे. त्या काळच्या युरोपी पुस्तकांना ही पद्धत कच्ची वाटे. पण १८५५ सालच्या एका डावात महेशचंद्रांनी काळ्या मोहऱ्यांनी जी मांडणी केली आणि जो डाव जिंकला, तीच मांडणी १९२२ साली व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डने मोठ्या स्पर्धेत आणली आणि ती त्याच्या नावाने ओळखली गेली. विसाव्या शतकात या सगळ्या कुळाला 'इंडियन डिफेन्स' म्हणण्याचा प्रघात पडला. आजचा प्रत्येक विश्वविजेता हे बचाव शिकूनच मोठा होतो.

इथे थोडे थांबावेसे वाटते. त्याच पटावर, त्याच दोन माणसांनी दोन गोष्टी जगाला दिल्या. गँबिटला कॉक्रेनचे नाव लागले. बचावाला लागले ते नुसते देशाचे नाव. महेशचंद्रांचा जन्म कधी, शेवट कसा झाला, ते या खेळाविषयी काय विचार करत, याविषयी त्यांच्या हातचा एक कागद आपल्यापुढे नाही. जे कळते ते साहेबांच्या पत्रांतून आणि साहेबांनी टिपलेल्या चालींतून. पण चाली खोटे बोलत नाहीत. कुणी नाव पुसले, तरी डाव जपला गेला की माणसाची बुद्धी त्यात दिसत राहते. म्हणून मुलांना मी आग्रहाने सांगेन, आपले डाव लिहून ठेवा.

नाविकाचा गँबिट

समुद्राकाठच्या रत्नागिरीकरांना आवडेल असा आणखी एक गँबिट आहे. विल्यम डेव्हिस इव्हान्स हा वेल्सचा माणूस, डाकेची बोट चालवणारा कप्तान. १८२०च्या दशकात त्याने शोधलेल्या सुरुवातीत पांढरा चौथ्या चालीला वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे काळ्या उंटाला खायला देतो. उंटाने ते घेतले की शेजारचे प्यादे पुढे येऊन त्याच उंटाला हुसकावते. उंट घर शोधत फिरतो आणि तेवढ्या वेळात पांढरा मध्यभाग काबीज करतो. 'एक प्यादे, तीन चाली' हा हिशेब समजावायला याच्याइतका सरळ डाव दुसरा नाही.

एकोणिसावे शतक गँबिटांचे शतक होते. १८५१ साली लंडनला आंडरसनने किझेरित्स्कीविरुद्ध राजाचा गँबिट खेळताना एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला आणि उरलेल्या दोन घोड्यांनी व एका उंटाने मात केली. 'अमर डाव' म्हणून तो आजही शिकवला जातो. पण मग स्टाइनित्झ आणि लास्कर आले. त्यांनी दाखवले की प्यादे घ्यावे, हल्ल्याचा पहिला जोर ओसरू द्यावा आणि योग्य वेळी तेच प्यादे परत करून टाकावे. घेतलेले धरून बसणारा बुडतो, सोडून देणारा तरतो. लास्करच्या या उपायाने इव्हान्स गँबिटची रया गेली. पुढे १९६० साली बॉबी फिशर राजाच्या गँबिटमध्ये स्पास्कीकडून हरला. वर्षभरात त्याने हा गँबिट मोडीत निघाल्याचे सांगणारा लेख लिहिला, आणि दोनएक वर्षांनी अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत स्वतःच तो खेळून जिंकला!

आणि नाविकाचा गँबिट? १९९५ साली रीगा येथे कास्पारोव्हने तो चक्क आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्ध बाहेर काढला आणि पंचवीस चालींत डाव जिंकला. त्याच वर्षी पुढे न्यूयॉर्कला हे दोघे जगज्जेतेपदासाठी भिडले. शंभर वर्षे कपाटात पडलेले हत्यारही धार लावली तर चालते, एवढे त्यातून दिसले.

सुरुवात न शिकण्याची किंमत

देशी परंपरेतून आलेल्या खेळाडूला सुरुवातीच्या अज्ञानाची काय किंमत मोजावी लागते, याचे ठळक उदाहरण म्हणजे पंजाबचे मीर सुलतान खान. देशी नियमांवर वाढलेला हा माणूस १९२९ साली इंग्लंडला गेला आणि तीन वेळा ब्रिटिश विजेता झाला. कॅपाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला त्याने हरवले. त्याचा शेवट अप्रतिम असे, पण सुरुवातीचा अभ्यास तोकडा. बहुतेक डावांत आधी अडचणीत सापडायचे आणि मग अंगच्या बळावर बाहेर यायचे, अशी त्याची कहाणी. २०२४ साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

महाराष्ट्राने ही उणीव हळूहळू भरून काढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठीत बुद्धिबळाची पुस्तके छापली जाऊ लागली. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांचा असा पायंडा पाडला की सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणू लागले. सांगलीचे पटवर्धन मूळ आपल्या कोतवड्याचे, म्हणून तेवढा अभिमान आपणही बाळगावा. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिचे विजेतेपद डी. वेंकय्या यांच्यासह विभागून मिळवणारे रामचंद्र सप्रे मराठीच. त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरीत स्पर्धा भरत आल्या आहेत. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली, आणि १९८१ साली त्यांची बहीण रोहिणी आशियाई विजेती झाली. प्रवीण ठिपसे १९९७ साली ग्रँडमास्टर झाले. नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ साली टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत नाकामुराच्या राजापुढच्या प्याद्यावर उंट झोकून डाव जिंकला. ती आहुती घरी तपासून आणलेली होती. आणि २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. पेशवाईत शेवटाची कोडी सोडवणारी परंपरा आज सुरुवातीतही कुणाला हार जात नाही.

मग मुलांनी गँबिट शिकावा का?

शिकावा. पण क्रम चुकू नये. पावसाळ्यात पडवीत बसून एखादा मुलगा बारा चालींचा सापळा पाठ करतो आणि चार मित्रांना त्यात अडकवतो. पाचवा मित्र पाठांतराबाहेरची चाल खेळतो आणि आपला मुलगा एक प्यादे कमी घेऊन गोंधळून बसतो. पाठ केलेला गँबिट आणि समजलेला गँबिट यांतला फरक त्या तेराव्या चालीला कळतो. आज घरोघरी संगणक आहेत आणि राजाचा गँबिट पांढऱ्याच्या फारसा फायद्याचा नाही, असे ते सांगतात. ते बरोबरही असेल. पण समोर बसतो तो माणूस, आणि त्याला विचार करायला मिळणारा वेळ मर्यादित असतो.

शिकवणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. प्यादे दिलेस, त्याच्या बदल्यात किती चाली मिळाल्या? तुझ्या राजाकडे जाणारी कोणती वाट तू उघडलीस? आणि प्रतिस्पर्ध्याने प्यादे परत केले तर तू काय करशील? पहिल्या प्रश्नात इव्हान्स कप्तान आहे, दुसऱ्यात राजाचा गँबिट आहे, तिसऱ्यात लास्कर आहे. मग त्याच मुलाला पट फिरवून काळ्या बाजूने बसवावे आणि महेशचंद्रांसारखे शांतपणे एकेक घर सरकायला लावावे.

हल्ला करणाऱ्यालाही बचाव कळायला हवा, कारण त्याने दिलेले प्यादे घेणारा कसा विचार करतो हे त्याला आधीच ताडावे लागते. कॉक्रेन आणि महेशचंद्र वर्षानुवर्षे समोरासमोर बसले आणि एकमेकांकडून शिकले. आपल्या मुलांना दोघांच्याही खुर्चीत बसायची संधी आहे. ती त्यांना द्यावी, आणि डाव संपल्यावर चाली वहीत नीट उतरवून घ्याव्यात.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)